व्यंकटचं चालतं रान

मुंगसाने मातीत नाक खुपसलं, थोडा वेळ घुरघुर केली आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत जाहीर केलं, "आपण तळ्यात उभे आहात. कृपया काठावर या."

पद्माकर निटुरे यांनी पायाखाली पाहिलं. पायाखाली एप्रिल महिना होता. ढेकळं वाळून खडखडत होती आणि जमिनीला पडलेल्या भेगांत हाताचं बोट सहज गेलं असतं. आसपास पाणी म्हणाल तर तेवढं एका तांब्यात होतं, आणि तो तांब्या त्यांच्यासाठीच घेऊन त्यांचा मेहुणा व्यंकट बिडवे बांधावर उभा होता. तरीही निटुरे दोन पावलं मागे सरले. उभं आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला सूचना आली की आधी पाळायची आणि मग समजून घ्यायची, अशी सवय असते.

"काय म्हणलं ते?" व्यंकटने विचारलं.

"तळं म्हणतंय."

व्यंकटने रानाकडे पाहिलं, मग दाजींकडे, मग तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

निटुरे बालाघाट ग्रामोदय बँकेच्या जांभळवेढा शाखेत पर्यावरण जोखीम अधिकारी होते. हे पद नवं होतं. सलग काही वर्षं अवर्षण, गारपीट आणि अवेळी पाऊस यांनी पाळ्या लावून घेतल्यावर बँकांच्या लक्षात आलं होतं, की शेतकरी कर्ज बुडवत नाही, हवामान बुडवतं. आणि हवामानाला नोटीस पाठवता येत नाही. तेव्हा कर्ज देण्याआधीच दोन प्रश्न विचारायचे ठरलं. पुढच्या वीस वर्षांत निसर्ग या शेताचं काय करील, आणि हे शेत निसर्गाचं काय करील. दोन्ही उत्तरं मिळून एक आकडा यायचा. तो साठाच्या वर गेला की शेतीचं कर्ज नाही.

आकडा काढायचं यंत्र लांबट, करडं, पुढे निमुळतं होतं. कागदावर त्याचं नाव 'वसुधा', पण कुठलंही बीळ दिसलं की त्यात तोंड घालणाऱ्या जनावराला गावाने जे नाव द्यायचं तेच दिलं.

मुंगसाची विद्या तशी सोपी होती. प्रत्येक सजीव जिथे वावरतो तिथे स्वतःचा थोडा चुरा सांडून जातो. माशाचा बुळबुळीतपणा, म्हशीची लाळ, ज्वारीच्या मुळाची साल, बगळ्याची विष्ठा. या चुऱ्यात त्या त्या जिवाचा डीएनए असतो, आणि डीएनए म्हणजे ज्याचं त्याचं पक्कं ओळखपत्र. मुंगूस चिमूटभर मातीतली असली हजारो ओळखपत्रं वाचायचं आणि या जागी कोण राहतं, कोण राहून गेलं, हे सांगायचं. उपग्रहाचं चित्र आणि हवामानाचा अंदाज जोडीला होताच. पण उपग्रहावर बँकेचा भरवसा कमी होता. काळी जमीन त्याला वरून ओली दिसायची, आणि टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद पाहून त्याने एकदा अख्ख्या शिवाराला जलाशय म्हटलं होतं.

आता मुंगूसही तेच म्हणत होतं. या ठिकाणी सात प्रकारचे मासे, कमळ, पाणकोंबडी आणि विपुल म्हशी यांचं वास्तव्य आहे, सीताफळ पाण्यात येत नाही, शिवाय पाणथळ जागा बुजवून बाग लावायला बँकेच्या धोरणात मनाई आहे, जोखीम एक्क्याण्णव.

घोळ कुठे झाला ते निटुऱ्यांना लगेच कळलं. व्यंकटचं हे रान मुळात मुरमाड. दोन उन्हाळ्यांपूर्वी गावतळं आटलं तेव्हा त्याने तळ्यातला गाळ टिपरने आणून इथे पसरला होता. गाळ टाकलेलं रान पोरकं राहत नाही, असं त्या भागात म्हणतात, आणि सरकारही त्याला प्रोत्साहन देत होतं. म्हणजे तळ्याचा तळच उचलून व्यंकटने शेतात आणला होता, माशांच्या ओळखपत्रांसकट.

निटुऱ्यांनी यंत्राला समजावलं, की हा गाळ आहे.

"गाळ तळ्यात असतो," मुंगूस म्हणालं. "अनुमानास पुष्टी मिळाली. आभारी आहे."

घरी निरोप त्यांच्या आधी पोहोचला होता. सुलोचनाबाईंनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "साहेब, आमटी घ्यावी." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी नवऱ्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं. निटुऱ्यांनी आमटी घेतली. साहेबाला नको म्हणायची सोय नसते.

व्यंकट काही गांजलेला माणूस नव्हता. त्याची डाळीची गिरणी होती, पोरगी लातूरला डॉक्टर होती. पण सीताफळाच्या बागेचा त्याने ध्यास घेतला होता, रोपं सांगून ठेवली होती आणि घरात दाजी त्याच खात्यात म्हणून सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत आधीच पेढे वाटून झाले होते. नातेवाइकाच्या कर्जाला अधिकाऱ्याने हात लावू नये असा नियम होता. पण शाखेत माणसं मोजकी आणि तालुक्यातला प्रत्येक शेतकरी त्यांतल्या कुणा ना कुणाचा सोयरा, तेव्हा नियम पाळायचा तर शाखेला कुलूप लागलं असतं. आता बाग होणार की नाही हे निटुऱ्यांच्या एका सहीवर होतं, आणि सुलोचनाबाईंचं माहेर तुटणार की राहणार, हेही.

शाखाधिकारी हर्षाली मेश्राम नागपूरकडची, वयाने लहान आणि डोक्याने थंड. तिने सांगितलं, की निटुऱ्यांपुढे मार्ग दोन आहेत. यंत्राचा निष्कर्ष मान्य करायचा, किंवा यंत्र सदोष ठरवायचं. सदोष ठरवलं तर मुंगूस दुरुस्तीला जाणार, ते परत येईपर्यंत तालुक्यातली सगळी कर्जं थांबणार, आणि पेरणी तोंडावर आलेली.

"पण डोळ्यांना शेत दिसतंय, मॅडम."

"डोळ्यांचा पुरावा हंगामी असतो, असं परिपत्रक आहे सर."

मग तिनेच वाट काढली. तळं हे संकट नाही, संधी आहे. मत्स्यपालनासाठी नील योजना होती, व्याज कमी, आणि त्या योजनेत याच जागेची जोखीम येत होती बारा. निटुऱ्यांनी विचारलं, मासे सोडायचे कुठे. हर्षालीने शांतपणे सांगितलं की सोडायची गरजच नाही. तपासणी मुंगूसच करणार, आणि मुंगसाला मासे आत्ताच दिसतायत.

निटुऱ्यांनी यात चूक शोधायचा प्रयत्न केला. बँकेचा आकडा सुधारत होता. मेहुण्याला पैसे मिळत होते. मासे कुणाचं काही बिघडवत नव्हते, कारण ते नव्हते. फक्त खरं काय ते मधल्या मधे हरवत होतं आणि त्याची कुणी तक्रार नोंदवत नव्हतं. व्यंकटला फोन केला तर तो म्हणाला, "मासे तर मासे, दाजी. सीताफळाला काय कळतंय आपण कोणत्या खात्यातून आलाव ते."

निटुऱ्यांनी सहीसाठी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. का ठेवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नील योजनेत जवळच्या दुसऱ्या जलाशयाची तुलना जोडावी लागते, एवढं कारण त्यांना सापडलं, आणि मुंगूस काखोटीला मारून ते गावतळ्यावर गेले.

तळ्याच्या मधल्या खळग्यात गुडघाभर पाणी होतं आणि त्यात केंद्रे आबांची म्हैस बसली होती. आबा काठावर. आबांची जमीन वर डोंगराच्या अंगाला, व्यंकटच्या रानाच्या बरोब्बर माथ्यावर. बिडवे आणि केंद्रे यांच्यात जुनं वाकडं होतं. ते कशावरून सुरू झालं हे दोन्ही घरांत कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचीही सोय राहिली नव्हती.

निटुऱ्यांनी तळ्याच्या कोरड्या भागात मुंगसाचं नाक खुपसलं.

"उत्तम जिरायत शेत," मुंगूस म्हणालं. "ज्वारी, तूर, करडई. जोखीम आठ. येथे सीताफळ लावण्यास हरकत नाही."

म्हशीने मान वळवून पाहिलं. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. निटुरे मात्र तिथेच खाली बसले. शेत म्हणजे तळं, तळं म्हणजे शेत. आपण कोणत्या कचेरीत काम करतो, याची एकदा खात्री करून घ्यावी असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने डोकं चाललं. पूर्वी कधीतरी दुष्काळात तळं खोदलं गेलं ते कुणाच्या तरी शेतातच. त्यावर गाळ साचला. गाळाखाली ऊन नाही, वारा नाही, त्यामुळे जुन्या पिकांचा डीएनए मुरंब्यासारखा टिकून राहिला. सगळा गाळ लोकांनी उपसून नेला आणि खालचं शेत उघडं पडलं. मुंगूस खोटं बोलत नव्हतं. त्याला फक्त काल आणि आज यांतला फरक कळत नव्हता, आणि तो गावातल्या बऱ्याच जणांना कळत नसे.

"आन् व्यंकटच्या रानात काय काय घावलं?" आबांनी विचारलं.

इथे निटुऱ्यांची चूक झाली. उन्हाने डोकं तापलं होतं; त्यांनी सरळ बटण दाबलं आणि मुंगसाने व्यंकटच्या मातीचा सगळा पाढा म्हणून दाखवला. मासे झाले, म्हशी झाल्या, आणि मग शेवटी, "अल्प प्रमाणात कारळ, राळा आणि धावड्याचे झाड."

आबांचं हसणं थांबलं. कारळ आणि राळा या गावात फक्त वर डोंगरावर व्हायचे, त्यांच्या वडिलांच्या हयातीत. धावडाही तिथेच होता, बांधावर. खालच्या रानात असलं हलकं पीक कुणी कधी घेतलं नव्हतं.

"म्हंजी ती माती माझी हाय," आबा म्हणाले. "माझ्या बापाची माती वाहत तळ्यात आली, आन् ती ह्या बिडव्यानं टिपरात भरून न्हेली. मशीनच सांगायलंय. आता तुमी बँकवाले हायसा, तुमीच सांगा. चोरीच्या मालावर कर्ज देता का?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट हॉटेलात पोहोचली आणि रात्रीतून वाढली. वरच्या अंगाला जमीन असलेले सगळे खालच्यांकडे मातीचा हिशेब मागू लागले. खालचे म्हणाले, वाहत येऊन आमची पिकं गाडली तेव्हा घ्यायला का नाही आलात. व्यंकटने दाजींना फोन करून एवढंच विचारलं, की मशीनला बोलायला शिकवलं ते शिकवलं, पण गप बसायला का नाही शिकवलं. घरी सुलोचनाबाईंनी साहेबांना दही वाढलं.

दुसऱ्या दिवशी निटुरे डोंगरावर गेले. आबांचं रान पाहिल्याशिवाय भांडण समजणार नाही असं त्यांनी हर्षालीला सांगितलं. खरं तर त्यांना खाली कुठेही थांबायची सोय उरली नव्हती. आबांच्या शेतात त्यांनी मुंगसाचं नाक जमिनीला लावलं. ते खणकन् वाजलं. जरा सरकून पुन्हा लावलं. पुन्हा खणकन्.

"येथे माती आढळली नाही," मुंगूस म्हणालं. "कृपया शेत दाखवा."

तिथून सगळं एका नजरेत दिसत होतं. वर हा उघडा खडक. मध्यावर उतरतं व्यंकटचं रान, आजूबाजूच्या मुरमात काळ्या घोंगडीसारखं. आणि पायथ्याला तळं. निटुरे बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी शेताचा कागद पाहिला होता, चतुःसीमा पाहिल्या होत्या. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. पण चतुःसीमेच्या आत जे असतं ते बिऱ्हाड बदलत असतं, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. इथून निघालेली माती दोन पिढ्या तळ्यात राहिली, व्यंकटने तिला भाड्याच्या गाडीने मधल्या मुक्कामावर आणलं. आणि वर अडवायला काही नाही. एखादा दांडगा पाऊस असा आला, की डोंगरावरचं पाणी सुसाट उतरणार आणि त्या काळ्या घोंगडीची गुंडाळी करून पुन्हा तळ्यात टाकणार.

त्यांनी मुंगसाला सवय नसलेला प्रश्न विचारला. व्यंकटच्या शेतातली माती दहा वर्षांनी कुठे असेल?

मुंगूस पुष्कळ वेळ घुरघुरलं. त्याने उतार मोजला असावा, ढगफुटीचे अंदाज चाळले असावेत.

"तळ्यात," ते म्हणालं.

म्हणजे ते पहिल्यापासून बरोबरच बोलत होतं. जरा लवकर बोललं, एवढंच.

निटुऱ्यांनी शाखेत येऊन मान्यही केलं नाही आणि सदोषही नाही. कर्जाच्या अर्जावर तारण कोणत्या प्रकारचं, असा एक रकाना असतो. घर, जमीन, विहीर ही स्थावर मालमत्ता, कारण ती जागची हलत नाही. गाडी, म्हैस, दागिने ही जंगम, कारण ती हलते. आजवर कुठल्याही अधिकाऱ्याने शेतापुढे तो रकाना वाचलासुद्धा नव्हता. निटुऱ्यांनी विचार करून तिथे 'जंगम' असं भरलं आणि खाली सही केली. त्यांच्या नोकरीतली ही पहिली सही होती जिचा अर्थ त्यांना नीट माहीत होता.

हर्षालीने वाचलं. "सर, मुख्यालयात हे यंत्रच बघतं. ते हसत नाही."

"म्हणूनच पाठवतोय."

मुख्यालयाचं यंत्र खरोखरच हसलं नाही. शेत आणि जंगम ही सांगड त्याने घातली, सगळ्यात जवळचा प्रकार शोधला आणि कर्ज मंजूर केलं, वाहन या सदरात. अटी छापीलच होत्या. वाहन उतारावर उभं करू नये. करावं लागल्यास पुढे-मागे भक्कम अडथळा लावावा. वाहनावर नोंदणीची पाटी दर्शनी भागात लावावी. अडथळ्याअभावी वाहन घरंगळून गेल्यास शिफारस करणारा अधिकारी व्यक्तिशः जामीन समजला जाईल.

शेवटची अट निटुऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. मग मंजुरीपत्र घेऊन ते सासुरवाडीला गेले. सुलोचनाबाई आधीच तिथे होत्या.

व्यंकट खूश झाला. वाहन तर वाहन. बांधाचं काय, रोपं लागली की पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी रान जागेवर नसेल," निटुरे म्हणाले. "आधी दगडी बांध. आणि ते तुझ्या रानात नाहीत. सुरुवात माथ्यावरून, आबांच्या जमिनीतून. पाणी तिथून धावत येतं. तिथं ते चालायला लागलं तर खाली तुझी माती थांबेल."

व्यंकट खाटेवरून उठला. "माझ्या कर्जातनं केंद्र्याच्या रानाला बांध?"

"हो."

"मला चोर म्हणलाय त्यो, दाजी. भर हॉटेलात."

"चोर नाहीस. पण माती त्यांच्याकडूनच आली, हेही खोटं नाही."

व्यंकटने बहिणीकडे पाहिलं. सुलोचनाबाई तूर निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. नवरा कागदावर मासे पाळून मोकळा झाला असता तर माहेर खूश, घर खूश. तो झाला नाही, आणि आता स्वतःचा गळा जामीन ठेवून बसलाय, हे त्यांच्या मनात कुठे बसत होतं ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. निटुऱ्यांना बायकोचा चेहरा कधीच वाचता आला नव्हता, आणि त्यासाठी बँकेने अजून यंत्र काढलं नव्हतं.

व्यंकट त्या दिवशी नाही म्हणाला. आबाही नाही म्हणाले. माझी माती नेली ती नेली, आता रानात भिंती घालायला येतोस का, असा त्यांचा सवाल होता. मधे काय झालं ते निटुऱ्यांना नीट कधी कळलं नाही. एवढं कानावर आलं, की सुलोचनाबाई एकट्याच डोंगरावर जाऊन आबांच्या घरी चहा पिऊन आल्या, आणि बांधाच्या वरच्या बाजूला जी माती साचेल ती आबांची, तिच्यात जी सीताफळं लागतील ती निम्मीनिम्मी, असं काहीतरी ठरलं. खालची माती कुणाची, हा विषय पिढीजात भांडणासाठी राखून ठेवण्यात आला.

मेच्या अखेरीस आडव्या बांधांच्या रांगा अर्ध्याहून जास्त झाल्या, आणि त्याच सुमारास मुख्यालयातून नोंदणीची पाटी आली. पिवळी, पत्र्याची, अक्षरं उठावाची. ती घेऊन निटुरे माथ्यावर पोहोचले तेव्हा व्यंकट आणि आबा दगड रचायचं सोडून वाद घालत होते. अट होती की पाटी दर्शनी भागात हवी. व्यंकटचं म्हणणं, कर्ज माझं, रान माझं, पाटी माझ्या बांधाला. आबा म्हणत होते, गाडीची पाटी पुढे लावतात का मागे?

"पुढं," व्यंकट म्हणाला.

"मग तुजं हे वाहन कुठनं निघालं? हितनं. म्हंजी त्वांड हितं."

व्यंकटने खाली आपल्या काळ्या रानाकडे पाहिलं, वर खडकाकडे पाहिलं. मग निटुऱ्यांच्या हातातली पाटी घेतली, आबांच्या सगळ्यात वरच्या बांधापाशी नेली आणि खांब रोवायला आबांनाच पहार दिली.

पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं. ते भरणार अशी सूचना मुंगसाने सकाळी दिली नव्हती. निटुरे त्या काळोखाकडे, मग अर्ध्या राहिलेल्या शेवटच्या रांगेकडे बघत उभे राहिले. आपण बँकेतर्फे इथे आलोय, मेहुण्यातर्फे, की जामीन म्हणून, याचा त्यांना उलगडा होईना.

सुलोचनाबाईंनी पदर खोचला, एक दगड उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"उभे काय राहिलात," त्या म्हणाल्या. "लावा की. वाहून गेलं तर धरणार तुम्हालाच आहेत."